उंबऱ्यावरचं ऊन

या, अशा पुढं सरकून बसा. सतरंजी मोठी आहे, पण माझा आवाज आता लहान झालाय. कीर्तनं ऐकता ऐकता माझे केस पिकले, तरी मला कीर्तन करता म्हणून येत नाही. मी आपली मागं बसून पेटीवर सूर धरणारी. पण आज तुम्हाला एक आख्यान सांगते. देवाचं नाही, माझ्या नणंदेचं, शरयूचं. देव त्यात येतो. तो वेळेवर येतो की नाही, एवढाच काय तो घोर आहे.

आमच्या निंबोरीला कृष्णाकाठी नरसिंहाचं देऊळ आहे, पश्चिमेकडं तोंड केलेलं. वैशाखात नरसिंह जयंतीला तिथं जन्माचं कीर्तन होतं. रामाचा जन्म दुपारचा, तसा नरसिंहाचा दिवस मावळतानाचा. आमच्या गावात त्या वेळेसाठी घड्याळ बघत नाहीत. नदीपलीकडच्या टेकडीआड सूर्य उतरायला लागला, की टेकडीची सावली देवळाकडं चालत येते. आधी आवारातल्या दीपमाळेशी, मग तुळशीवृंदावनाशी, मग पायऱ्यांवर, आणि शेवटी उंबऱ्यावर. उंबऱ्यावरचं ऊन गेलं, की देव आला. सभामंडपातला उजवीकडचा खांब लाल कापडात गुंडाळलेला असतो, आत देवाचा पितळी मुखवटा बांधलेला. ऊन जाताच वहिवाटदार दोरी ओढतात, कापड गळून पडतं, नगारा वाजतो, गुलाल उडतो. कीर्तनकारानं काय करायचं, तर गोष्ट अशी चालवत आणायची की नेमका त्याच क्षणी हिरण्यकशिपूनं खांबाला लाथ मारावी.

तर त्या वर्षी काय झालं, सूर्य मावळला तेव्हा आमचा प्रल्हाद अजून शाळेतच होता.

शरयू उभी, कपाळाला बुक्का, हातात झांजा, आणि पंतोजी प्रल्हादाला धुळाक्षरं शिकवतायत. अशी रंगली होती की काय सांगू. पंतोजींचा आवाज काढत होती, पोरांचा काढत होती, मागच्या बाकावरच्या एका राक्षसाच्या पोराला तर तिनं नाव देऊन टाकलं होतं. लोक पोट धरून हसत होते. आणि दाजीकाकांनी दोरी ओढली. दाजीकाका म्हणजे आमचे वहिवाटदार. गोष्ट कुठंही असो, ऊन गेलं की ते दोरी ओढणार. नगारा झाला, गुलाल उडाला. देव खांबातून आला आणि समोर बघतो तर पंतोजी.

गाव हसलं. शरयूही हसली. घरी आली आणि झांजा कोनाड्यात ठेवून न्हाणीघरात जाऊन बसली. दार वाजवलं तर म्हणाली, "वहिनी, पाणी तापलंय का बघत होते." मे महिन्यात, संध्याकाळी.

तिला ओळखत नाही त्याला ती वेंधळी वाटायची. दूध चुलीवर ठेवून फुलं आणायला जायची, फुलं तोडता तोडता शेजारच्या आजीशी बोलायला लागायची, तिकडून तिची औषधं आणायला पेठेत. दूध बिचारं उतू जाऊन, जळून, थंड होऊन बसलेलं. एक काम हातात असताना दुसरं तिला हाक मारायचं, आणि हाक मारली की ती जाणारच, कुणालाच नाही म्हणायचं नाही अशा स्वभावाची. कुणी बोललं तर डोळ्यांत टचकन पाणी, जेवण बंद, आणि तासाभरात आपल्याच फजितीची नक्कल करून सगळ्यांना हसवणार. लग्न तिनं केलं नाही. म्हणायची, "मांडवात उभी राहीन आणि मंगलाष्टकांची चाल बदलायला भटजींच्या मागं लागेन, नवरा राहील बाजूला." आम्ही एकाच घरात राहायचो: माझे सासरे माधवबुवा, आमचे हे, मी आणि शरयू.

मामंजी स्वतः मोठे कीर्तनकार. निंबोरीची ही सेवा त्यांनी उभा जन्म केली. त्यांच्या कीर्तनात वेळ म्हणजे वेळ. लोक कौतुकानं म्हणायचे, सूर्य बुवांना विचारून मावळतो. सासूबाई, द्वारकाबाई, गेल्या आणि मामंजींनी कीर्तन सोडलं. लोक समजले, दुःखानं सोडलं. वर्षाभरानं घशाचं ऑपरेशन झालं, आवाज कुजबुजीएवढा उरला, मग तर प्रश्नच मिटला. सेवा शरयूकडं आली. पहिली दोनेक वर्षं थोडं मागंपुढं झालं, ते लोकांनी चालवून घेतलं. पण पंतोजींपुढं देव आला, त्यानंतर दाजीकाका घरी आले.

गूळपाणी घेतलं, इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाले, "शरयू, पोरी, तुझा गळा देवाचा आहे. पण जन्मकाळ चुकला की म्हाताऱ्या माणसांच्या मनाला लागतं. पुढच्या वर्षी चुकला, तर मला बाहेरून बुवा आणावे लागतील. मला ते आवडणार नाही."

शरयू म्हणाली, "मलाही नाही आवडणार, काका." आणि हसली.

ते कीर्तन तिच्याकडून गेलं असतं, तर तिच्याकडं राहिलं काय असतं? नोकरी दोनदा सुटलेली. शिकवण्या घ्यायची, त्या वेळा चुकल्या म्हणून बंद पडलेल्या. वर्षभर लोकांची बोलणी खाऊन ती एका संध्याकाळी देवासमोर ताठ उभी राहायची. तेवढी एक जागा होती.

मीच तिला मिरजेला घेऊन गेले. माझ्या माहेरच्या एकीच्या मुलाला तिथल्या डॉक्टरीणबाईंचा गुण आला होता, आणि ती त्या मुलाचं वर्णन करायची तेव्हा मला वाटायचं, ही आमच्या शरयूबद्दलच बोलतेय. डॉक्टरीणबाई वयानं लहान, शांत.

"शाळेत कुठं बसायचात?" त्यांनी विचारलं.

"बहुतेक वर्गाबाहेर," शरयू म्हणाली.

बाईंनी पुष्कळ विचारलं. मग नाव सांगितलं, एडीएचडी. म्हणाल्या, "तुमच्याकडं लक्ष कमी नाही, उलट भरपूर आहे. पण ते इथून उचलून तिथं ठेवणारा आतला हात सैल आहे. वेळ किती गेला, ते आतून कळत नाही. राग, दुःख, आनंद, सगळं एकदम काठोकाठ भरतं. यात तुमचा दोष नाही. गोळ्या देते, त्यानं जरा सोपं होईल. पण बाहेरून मदत लावून घ्या. डोळ्याला चष्मा लावतो ना, तशी. तुमच्या घरात आणखी कुणाला आहे का असं?"

"छे हो," शरयू म्हणाली. "आमचे वडील, अण्णा, म्हणजे तर घड्याळ."

परतीच्या एस्टीत ती खिडकीशी बसली होती. बाहेर जयसिंगपूर मागं पडलं.

मग म्हणाली, "वहिनी, म्हणजे मी मुद्दाम करत नव्हते."

"मला माहीत होतं गं."

"मला नव्हतं माहीत," ती म्हणाली.

घरी येऊन मामंजींना सांगितलं. ते तांदूळ निवडत होते. ऐकून घेतलं. मग कुजबुजत्या आवाजात विचारलं, "वेळ आतून कळत नाही, असं म्हणाल्या त्या?" मी हो म्हटलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारलं. मग निवडलेले तांदूळ परत न निवडलेल्यांत ओतून देवघरात निघून गेले. मला वाटलं, लेकीच्या काळजीनं.

गोळ्या सुरू झाल्या. दूध उतू जाणं कमी झालं, बंद नाही झालं. आणि आम्ही दोघी जयंतीच्या तयारीला लागलो.

पहिला उपाय मोबाइलचा. कमरेला खोचायचा, ठरल्या वेळेला तो थरथरेल, की गोष्ट पुढं न्यायची. घरात तालीम केली. ऐन रंगात मोबाइल थरथरला. शरयूनं काढला, बघितला, आणि "अगं, कुमुदला मुलगी झाली," म्हणून तिथंच तिला निरोप लिहीत बसली. प्रल्हाद आगीत तसाच.

दुसरा उपाय माझा. म्हटलं, मी मागं पेटीवर असतेच. मनगटावर घड्याळ बांधते. वेळ झाली की वरचा षड्ज लांब धरीन, तू समज. केली तालीम. मी षड्ज धरला. आणि आमच्या बाईनं काय करावं? गायला लागली. पेटीनं सूर दिला की कीर्तनकाराच्या गळ्यातून पद निघणार, ते तिच्या रक्तातच. जितका मी सूर लांबवावा, तितकी ती आलाप घेतेय. तबल्यावर आमचे शंकर गुरव. त्यांनी सम गाठली आणि डग्ग्यावर हात ठेवून म्हणाले, "वैनी, तुमी येळ दावताय का मैफल लावताय?"

हसून हसून पुरेवाट झाली. पण मग शरयू म्हणाली, "हसतेय खरी मी. पण त्या दिवशी असंच झालं तर?" आणि तालीम सोडून उठून गेली. मी आणि शंकरराव एकमेकांकडं बघत बसलो.

"ताईस्नी गोष्टीतनं भायेर काढणं म्हंजे झोपलेलं पोर उचलण्यावानी हाय," शंकरराव म्हणाले. "जरा जोरात धरलं की रडतंय."

शेवटी ठरलं ते इतकंच, की गोष्ट छोटी करायची. शाळा वजा. पंतोजींना रजा. कयाधूची गोष्ट थोडक्यात. कयाधू म्हणजे प्रल्हादाची आई, हिरण्यकशिपूची राणी; ती गरोदर असताना नारदांच्या आश्रमात राहिली आणि पोटातल्या पोरानं तिथंच हरिनाम ऐकलं. शरयूचा जीव होता त्या कयाधूवर.

जयंतीचा दिवस आला. देवळात मुंगीला शिरायला जागा नव्हती. कीर्तनाची आमच्याकडची मांडणी अशी, की कीर्तनकार देवाकडं तोंड करून उभा, मागं पेटी-तबला, आणि देवाच्या व कीर्तनकाराच्या मध्ये, वाट सोडून, इकडं बायका तिकडं पुरुष. म्हणजे दार आमच्या पाठीला. सावली कुठवर आली, ते ना शरयूला दिसे, ना मला.

पूर्वरंग तिनं छान आटोपला. नरदेह मिळाला आहे तर त्याचं काय करावं, असा साधा विषय. दाखले मोजके, पदं मोजकी. मी घड्याळ बघत होते, अगदी वेळेत. मध्यंतराचा नामगजर सुरू झाला. कीर्तनकाराला हार घालायचा, बुक्का लावायचा, त्यानं घोटभर पाणी प्यायचं, तेवढा हा वेळ. लोक टाळ्या वाजवत नाम घेत होते. आणि पुरुषांतून कुणीतरी प्रेमानंच म्हणालं, "ताई, आवंदा पोराला शाळेतनं जरा लौकर सोडा."

सगळा मंडप हसला. शरयूही हसली. पण मी मागं बसले होते ना, मला तिची मान दिसत होती. ती लाल होत गेली, कानापर्यंत.

पाणी प्यायच्या निमित्तानं ती खाली, माझ्या शेजारी टेकली. "वहिनी," ती हळूच म्हणाली, "मी जाते. दाजीकाकांना सांग, चक्कर आली. त्यांना आरती करू दे."

"शरयू, आत्तापर्यंत सगळं वेळेत झालंय गं."

"पुढचं होणार नाही. मला आतून माहीत आहे. तिथं मी कयाधूपाशी जाईन आणि मला परत येता येणार नाही. पुन्हा सगळे हसतील, आणि मग मला हे कुणी देणार नाही. त्यापेक्षा मीच सोडते."

डोळे भरले होते. नामगजर चालू होता, शंकररावांनी ठेका जरा वाढवला, आम्हाला आडोसा म्हणून. तेवढ्यात हार घेऊन मामंजी आले. वडीलधाऱ्यानं हार घालायचा, म्हणून दाजीकाकांनी त्यांना पाठवलं होतं. ते हार घालायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. त्यांचा आवाज असा, की कान जवळ नेल्याशिवाय ऐकू येऊ नये. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं.

"काय झालं?"

"अण्णा, मला नाही जमणार. मागं सावली कुठं आली ते मला कळत नाही. गोष्टीत शिरले की मी तिथंच असते."

"मीही तिथंच असायचो," मामंजी म्हणाले.

"तुमची कधी वेळ चुकली नाही अण्णा. उगीच समजूत घालू नका."

"तुझी आई गेल्यावर मी इथं उभा राहिलो का?"

शरयूनं वर बघितलं.

"माझा आवाज वर्षानं गेला. कीर्तन आधीच सोडलं होतं." त्यांनी हार तिच्या गळ्यात नीट केला. "ती तिथं बसायची, समईच्या शेजारी. तिला दार दिसायचं आणि मला ती. सावली दीपमाळेशी आली की ती पदर खांद्यावरून घ्यायची. वृंदावनाशी आली की मांडी बदलायची. पायऱ्यांवर आली की हात जोडायची. मी तिच्याकडं बघून गोष्ट आवरत आणायचो. सगळीकडं तसंच. देवळात, यात्रेत, परगावी. मला कुठं कळत होतं वेळेचं? लोक म्हणायचे, बुवा म्हणजे घड्याळ. मला ते गोड लागायचं, म्हणून मी बोललो नाही. तीही बोलली नाही." जरा थांबून म्हणाले, "ती गेली, आणि मला उभं राहायची भीती वाटली."

शरयू त्यांच्याकडं बघत राहिली. मग समईच्या शेजारी बघितलं. तिथं एक अनोळखी बाई लेकराला मांडीवर घेऊन बसली होती.

"आता तिथं कोण बसणार, अण्णा?"

मी पेटीचा भाता लावला आणि उठले. उत्तररंगाच्या तोंडाशी पेटीवाली उठून श्रोत्यांत जाऊन बसते, असं त्या देवळात कधी घडलं नसेल.

"पेटी?" शंकरराव म्हणाले.

"पेटी मी धरतो," मामंजी म्हणाले. "गळा गेलाय, बोटं आहेत अजून."

मी बायकांतून वाट काढत समईशी गेले. त्या अनोळखी बाईनं लेकरू आवरून जागा दिली. पलीकडं सिंधूमावशी बसल्या होत्या, त्यांना प्रत्येक गोष्टीचा तपास हवा. "काय गं, पेटी मोडली?"

"नाही मावशी. म्हटलं, एकदा समोरून ऐकावं."

आणि उत्तररंग उभा राहिला. शरयूच्या खांद्यावरून मला दार दिसत होतं, दाराबाहेर लख्ख आवार, आणि टेकडीची सावली अजून फाटकाशी. ती बोलू लागली. मी सावलीकडं बघत होते. लोक हसले, मी सावलीकडं बघत होते. मामंजींनी पेटीवर असे सूर धरले की म्हातारी माणसं माना डोलवायला लागली. मी सावलीकडं बघत होते. ती दीपमाळेशी आली. मी पदर खांद्यावरून घेतला. शरयूची नजर माझ्यावरून गेली, आणि तिनं झांजेला एक हलका टोला दिला. कळलं तिला. माझ्या जिवात जीव आला.

मग कयाधू आली. आश्रमात राहिलेली, नवऱ्यानं तपाला जाऊन विसरलेली, पोटुशी. शरयूनं डोळे मिटले. थोडक्यात सांगायचं ठरलं होतं, पण तिला डोहाळे लागले होते ना, ते कसे सोडायचे? माझ्या शेजारच्या बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. सावली वृंदावनाशी आली. मी मांडी बदलली. शरयूचे डोळे मिटलेले. मी पुन्हा मांडी बदलली. खाकरले.

"मुंग्या आल्या का गं पायाला?" सिंधूमावशी म्हणाल्या. "जरा चोळ."

सावली वृंदावन ओलांडून निघाली. मी काय करणार? उठून ओरडायचं? घाबरून मी तिसऱ्यांदा मांडी बदलली, आणि माझ्या बांगड्या समईवर आपटल्या. ज्योत हलली. शरयूनं डोळे उघडले. मला बघितलं, आणि मी पायऱ्यांवर आलेली सावली बघून हात जोडले.

तिच्या तोंडावर काय आलं, ते मला आजही दिसतं. खेळातून पोराला हाक मारून घरात बोलवावं आणि त्यानं एकदा मागं वळून बघावं, तसं. क्षणभर वाटलं, आता रडणार. मग ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "कयाधूला इथंच ठेवू या. ती आपली आहे, रागवायची नाही. आपल्याला तिच्या लेकाकडं जायचंय, तो संकटात आहे."

आणि निघाली. काय निघाली! विष, हत्ती, कडा, आग, सगळं एकेका वाक्यात, शंकररावांचा हात तिच्या शब्दाशब्दाला. राजवाडा आला. हिरण्यकशिपू सिंहासनावरून उतरला. सावली उंबऱ्याला लागली. दाजीकाका दोरी धरून उभे, दाराकडं बघत. कुठंय तुझा देव, या खांबात आहे? आहे. शरयू माझ्याकडं बघत होती, मी उंबऱ्याकडं. ऊन बोटभर उरलं. तिनं हात वर केला आणि थांबली. सगळं देऊळ थांबलं. "दिवस नाही, रात्र नाही," ती म्हणाली. "आत नाही, बाहेर नाही."

ऊन गेलं. दाजीकाकांनी दोरी ओढली.

गुलालानं मला काही दिसेना. नगारा, घंटा, शिट्ट्या. सिंधूमावशी माझ्या गळ्यात पडून रडत होत्या. आरती झाली, प्रसाद झाला. दाजीकाका शरयूला म्हणाले, "पुढच्या वर्षी सकाळीच ये. जेवायला माझ्याकडं." एवढंच. पण त्यांनी कपाळाचा गुलाल पुसायच्या निमित्तानं डोळे पुसले, ते मी बघितलं.

शरयू गर्दीतून माझ्याकडं आली. लाल, घामेजलेली, नाचायचीच बाकी. "वहिनी, सांग ना, कयाधू कशी झाली? डोहाळ्यांत मी यंदा नवं घातलं होतं. आवडलं तुला?"

मी तोंड उघडलं, आणि मला काही सांगता येईना. कसले डोहाळे? कयाधूला काय खावंसं वाटलं? मला काही म्हणता काही आठवत नव्हतं. दीपमाळ, वृंदावन, पायऱ्या आठवत होत्या. माझ्या नणंदेच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं कीर्तन झालं, अख्खं गाव अजून त्याची गोष्ट काढतं, आणि मी समोर बसून त्यातलं अक्षर ऐकलं नव्हतं. मी, कीर्तनासाठी हातातलं जेवण टाकून धावणारीनं.

मामंजी पेटी बंद करत होते. त्यांच्याजवळ जाऊन मी विचारलं, "मामंजी, सासूबाईंना तुमचं कुठलं आख्यान आवडायचं?"

ते आठवायला लागले. पेटीवरचा गुलाल हातानं पुसत राहिले. "तिनं कधी सांगितलं नाही," ते म्हणाले. "कीर्तनाहून आलो, की मला वाढता वाढता विचारायची, आज काय सांगितलंत, मला सांगा ना. प्रत्येक वेळी विचारायची. मी दमलेला असायचो. म्हणायचो, अगं, समोर तर बसली होतीस. मला वाटायचं, लाडानं विचारतेय." त्यांचा हात थांबला. माझ्याकडं बघितलं, आणि मग त्यांना कळलं. मंडपाच्या त्या गलक्यात ते तिथंच, पेटीशी, खाली बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शरयूनं मला स्वयंपाकघरात पाटावर बसवलं. मामंजींनाही बोलावलं. "ऐका," म्हणाली, आणि उत्तररंग पहिल्यापासून सांगायला लागली. पंतोजी रजेवरून परत आले, मागच्या बाकावरचा तो राक्षसाचा पोरगा आला, कयाधूचे डोहाळे सबंध आले: तिला म्हणे आश्रमातली माती खावीशी वाटायची, कारण तिच्यावर नारदांची पावलं उमटलेली असत. सूर्य कुठवर आला ते कुणीही बघितलं नाही. दूध उतू गेलं. मामंजी ऐकता ऐकता मध्येच म्हणाले, "द्वारका, ऐकतेस ना?" आणि शरयू न थांबता सांगत राहिली.

त्या वर्षापासून समईशेजारी मी बसते. माझ्याच्यानं होईल तोवर बसेन.

तुम्ही कीर्तनाला जाल. कुठंतरी एखादं आख्यान असं रंगेल, की तुम्हाला दाराबाहेरचा दिवस दिसायचा नाही. तेव्हा पोटभर ऐका. आणि ऐकता ऐकता माझ्या सासूबाईंची, माधवबुवांच्या द्वारकाबाईंची, एकदा आठवण काढा. त्यांच्या वाटचंही थोडं ऐका.